ओशट कपाट आणि दोन बरण्या

मराठी भाषेला तेलाचा अनुभव फार, असे मी वर्गात नेहमी सांगते. हाताला नुसते तेल लागले की हात तेलकट. तूप लागले की तुपट. हात धुऊनही बोटांवर जो एक नकोसा पदर आणि वास राहतो तो ओशटपणा. तोच थर जुना होऊन बोटाला धरू लागला की मेणचट. आणि त्यावर धूळ बसून मूळचा रंग ओळखू येईनासा झाला की कळकट. हे शब्द कुणा पंडिताने घडवलेले नसणार. ओट्याशी उभ्या राहणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांचेच हे काम. मुले हसतात, मुली वहीत लिहून घेतात, आणि परीक्षेत हे विचारत नाहीत असे कळल्यावर त्याही थांबतात.

हे सगळे शब्द एकाच दाराच्या मुठीपाशी जमलेले पाहण्याचा योग मला २०२४ च्या दसऱ्यानंतरच्या रविवारी आला. ते दार माझ्याच स्वयंपाकघरातले होते.

आमची कपाटे १९८४ सालची. सासूबाई गिरगावातल्या चाळीतून मुलुंडच्या ह्या जागेत राहायला आल्या तेव्हा त्यांनी ती हौसेने करवून घेतली. सुतार दीड महिना गॅलरीत काम करीत होता आणि त्याला दिवसातून तीनदा चहा देता देता सासूबाईंनी रंध्यापासून लाखेपर्यंत सगळे विचारून घेतले होते. चौकटी सागवानाच्या, दारे सागवानाची, वर फ्रेंच पॉलिश. नाव तेवढे परदेशी, माल आपलाच. झाडांच्या फांद्यांवर किड्यांनी केलेली लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापसाच्या बोळ्याने थरावर थर चढवायची. लाख दिसते सुंदर, पण तिचा स्वभाव नाजूक. गरम भांडे, स्पिरिट आणि सोडा ह्या तिघांशी तिचे हाडवैर. हे ज्ञान मला सासूबाईंनीच दिले. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने बादलीत धुण्याचा सोडा घालून कपाटे पुसायला निघाले होते, तेव्हा त्यांनी माझा हात धरून बादली मोरीत ओतली होती. वाचकांनी एवढी गोष्ट लक्षात ठेवावी; पुढे लागणार आहे.

मी सकाळी पावणेसातला कॉलेजसाठी घराबाहेर पडते. तेव्हा स्वयंपाकघराचे राज्य सासूबाईंचे. मी संध्याकाळपुरती मांडलिक. भाजी काय करायची हे मी विचारते आणि त्या सांगतात. कपाटांचा तर प्रश्नच नव्हता. दर शनिवारी दुपारी जुन्या सुती साडीचा तुकडा घेऊन त्या सगळी दारे पुसून काढीत. वीस वर्षांत त्या कपाटांकडे मला पाहावेच लागले नाही, म्हणून मी पाहिले नाही.

त्या रविवारी पाहुणे यायचे होते. वरच्या फळीवरचा साबुदाणा काढायला मी स्टुलावर चढले, दाराची कड धरली, आणि बोटे चिकटली. नीट वाकून पाहिले तर मुठीभोवती पिवळसर डिंकासारखा थर, चौकटीच्या खोबणीत काळी रेघ, आणि कपाटाच्या माथ्यावर तेल आणि धूळ एक होऊन नमद्यासारखे काहीतरी जमलेले.

“आई, ही कपाटं कधी पुसली होती हो?” मी विचारले.

“काल नाही का शनिवार झाला? कालच पुसली,” त्या म्हणाल्या.

मला वाटले, ह्या थाप मारताहेत. मी खाली उतरले आणि बोट त्यांच्यासमोर धरले. “मग हे काय आहे?” वाक्य एवढेच, पण त्यातला सूर वर्गात उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्याशी बोलायचा होता. त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिले, जरा जास्तच वेळ पाहिले, आणि काही न बोलता पोहे भिजवायला गेल्या. आगीत तेल ओतायचे काम आमच्या ह्यांनी केले. जेवताना म्हणाले, “ही जुनी कपाटं काढूनच टाकू या आता. हल्ली सगळ्यांकडे ट्रॉल्या असतात. माहितीपत्रक आणून ठेवलंय मी.” सासूबाईंनी ताटातला भात तसाच ठेवला. शहात्तराव्या वर्षी आपल्या हातची वस्तू निकालात निघते आहे हे ताटावर बसून ऐकणे कसे असेल, हा विचार त्या दिवशी आम्हा दोघांच्याही मनात आला नाही.

मंगळवारी दुपारी मी कॉलेजातून आले. स्टूल ओट्याला लावलेले, खाली पाण्याचे थारोळे, आणि सासूबाई खुर्चीवर दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून बसलेल्या. हात लालभडक झाले होते. ओट्यावरच्या उजव्या दाराची तर दशा पाहवत नव्हती. पॉलिश जागोजागी उठून पांढरट पडले होते, आणि जिथे ते पार निघाले तिथे उघड्या सागवानावर काळपट ओघळ उतरले होते.

आधी मी ओरडले ते स्टुलावरून. “पडला असतात म्हणजे?” मग हातांवर पाण्याची धार धरली, खोबरेल लावले. मग वास घेऊन पाहिला, वाडग्यातले पाणी बोटांत चोळून पाहिले. ते साबणासारखे बुळबुळीत लागले. तो धुण्याचा सोडा होता.

“आई, तुम्ही? धुण्याचा सोडा? लाकडाला?”

“अगं, खाण्याचा सोडाच घेतला होता मी. चमचाभर, कोमट पाण्यात. नेहमी घेते तसा.”

ओट्यावर दोन बरण्या शेजारी शेजारी होत्या. आता ह्या बरण्यांची हकीकत सांगायला हवी, आणि ती माझ्या बाजूची नाही. पूर्वी आमच्याकडे खाण्याचा सोडा लोणच्याच्या एका बुटक्या चौकोनी बाटलीत असे, धुण्याचा सोडा गंजलेल्या पत्र्याच्या डब्यात, मीठ चिनी मातीच्या सटात आणि पिठीसाखर बिस्किटांच्या डब्यात. मला ती सरमिसळ दृष्टीला खुपे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सहा बरण्यांचा एक संच आणला. सगळ्या एका उंचीच्या, एका झाकणाच्या, पारदर्शक. काय सुंदर दिसत होत्या! दोन्ही सोडे पांढरे. शेजारी शेजारी बसले. मला ते दिसत होते, त्यामुळे चिठ्ठी लावायची गरज वाटली नाही. धुण्याचा सोडा जरा खरखरीत, खाण्याचा अगदी मऊ. डोळ्यांना फरक कळतो. सासूबाईंचे हात इतकी वर्षे बाटलीच्या आकारावरून सोडा ओळखत होते, आणि तो आकारच मी भंगारात दिला होता.

मी दोन्ही बरण्या त्यांच्यासमोर धरल्या. “ह्यांतला खाण्याचा कुठला?”

त्यांनी एक बरणी डोळ्यांच्या अगदी जवळ नेली. मग खिडकीकडे वळवली. मग हळूच झाकण उघडून बोट आत घालायला लागल्या, तेव्हा मी बरणी काढून घेतली.

“दिसत नाही का हो, आई?”

“दिसतं. पण धुक्यातून दिसतं तसं,” त्या म्हणाल्या.

किती दिवस, तर दीड वर्ष. मग एकेक गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली. जुन्या अकरावीपर्यंत शिकलेल्या सासूबाई वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचत; अलीकडे त्या “वाचण्यासारखं असतं काय त्यात?” म्हणत, आणि मी त्यांच्याशी सहमत होत असे. तांदूळ त्या परातीत पसरून न निवडता मुठीत घेऊन चाळवीत. रात्रीच्या दिव्यांचा त्रास होतो म्हणून संध्याकाळचे देवळात जाणे बंद झाले होते. कवितेच्या एका ओळीतून चार अर्थ काढून दाखवल्याबद्दल मी महिन्याचा पगार घेते. घरात हे असे चालले होते आणि मला पत्ता नव्हता.

त्यांनी सांगितले नाही ह्याला कारणे होती. एक म्हणजे चिरंजीवांची दहावी. दुसरे खरे. त्यांच्या आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन त्यांनी लहानपणी पाहिले होते : डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, दिवसचे दिवस मान न हलवता पडून राहायचे, आणि नंतर जन्मभर भिंगासारखा जाड चष्मा. ती भीती त्यांनी मनात जपून ठेवली होती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी गुरुवारी तपासले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आता वाळूच्या पिशव्या नसतात, पंधरा-वीस मिनिटांचे काम, त्याच दिवशी घरी, असे त्यांनी समजावून सांगितले. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार लागली. डोळ्यातले भिंग पिकते तेव्हा ते नुसते धूसर होत नाही. ते पिवळे, तपकिरी होत जाते. माणूस सारे जगच पिवळ्या काचेतून पाहू लागतो, आणि हा बदल इतका सावकाश होतो की त्याला पत्ता लागत नाही. म्हणजे तपकिरी लाकडावर बसलेला पिवळसर थर सासूबाईंना दिसणे शक्यच नव्हते. त्या शनिवारी दारे पुसत होत्या हे अक्षरशः खरे होते.

ऑपरेशन दिवाळीनंतर करायचे ठरले. राहिली कपाटे. मी म्हटले, मी साफ करते, तुम्ही बसा. सासूबाईंचा चेहरा पडला. तेव्हा मी म्हटले, “तुम्ही बसा, आणि मला सांगा. मला येत नाही.” हे अगदी खरे होते.

पुढचा रविवार आम्ही त्यात घालवला. आमचे हे मोबाइलवर पाहून उपाय वाचून दाखवीत होते. एक उपाय असा की, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करावे, भरपूर फेस येतो. फेस येतो हे खरे, पण सोडा आणि आम्ल एकमेकांना मारतात आणि फेस बसल्यावर हाती साधे खारट पाणी उरते, हे आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या बाईंनी मला फोनवर सांगितले. दुसरा उपाय रॉकेलचा. तो सासूबाईंनी उडवून लावला : जिथे पोळीचा डबा ठेवायचा तिथे रॉकेलचा वास, आणि शेजारी गॅस!

रसायनशास्त्राच्या बाईंनी मेणचटपणाचे मूळही सांगितले. आपण फोडणी करतो तेव्हा तेल पाण्याच्या उकळीपेक्षा कितीतरी जास्त तापलेले असते. त्यात कढीलिंब पडला की त्याच्या अंगच्या पाण्याची क्षणात वाफ होते, आणि ती तेलाचे बारीक बारीक थेंब घेऊन वर उडते. ते दारावर बसतात. पुढे हवेतला प्राणवायू त्यांना धरतो, तेलाचे कण एकमेकांत गुंतत जातात आणि पातळ तेलाची चिवट पापडी होते. चित्रकार रंगात जवसाचे तेल घालतात ते ह्याच गुणासाठी. सूर्यफूल, करडई, सोयाबीन ह्यांची तेले अशी लवकर वाळतात, शेंगदाण्याचे सावकाश, आणि खोबरेलाला हा गुण जवळजवळ नाहीच. म्हणूनच ताजा तेलाचा डाग साबणाने जातो आणि वर्षाचा डाग साबणाला दाद देत नाही. तो तेलाचा राहिलेलाच नसतो, तो एक प्रकारचा रंगाचा हात झालेला असतो.

सासूबाईंना ह्यातले रसायन ठाऊक नव्हते, तोड ठाऊक होती. “काट्याने काटा काढतात तसा तेलानं तेलाचा थर काढायचा,” त्या म्हणाल्या. कापसाच्या बोळ्यावर खोबरेलाचे दोन-चार थेंब घेऊन मुठीभोवती चोळायचे, दहा-पंधरा मिनिटे तसेच ठेवायचे. थर फुगून मऊ होतो. मग कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचा, आणि त्यानंतर साबण. साबण म्हणजे कोमट पाण्याच्या वाडग्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचे चारच थेंब. फडके असे घट्ट पिळायचे की लाकडावर पाण्याचा ओघळ येता कामा नये. फुगलेले दार मिटत नाही आणि सांध्यातला सरस सुटतो. लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसायचे, आडवे नाही. लगेच दुसरे फडके साध्या पाण्याचे, लगेच तिसरे कोरडे. एका वेळी एकच दार. सगळ्या दारांना साबण लावून मग पुसत बसलात तर कामाची गती वाढते आणि पॉलिश जाते.

खोबणींना दात घासायचा जुना मऊ ब्रश. पितळी मुठी स्क्रू काढून वेगळ्या चिंचेने घासल्या. माथ्यावरचा नमदा मात्र पुसून जाण्यातला नव्हता. तो जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याने खरवडून आधी कागदावर घेतला. मी भांड्यांची तारेची घासणी हातात घेतली होती, तिच्या आवाजावरूनच सासूबाईंनी मला थांबवले. तिने ओरखडे तर पडतातच, शिवाय लोखंडाचे बारीक कण लाकडात अडकून राहिले की पुढे ओल लागून काळे ठिपके उठतात. अगदी हटून बसलेल्या दोन जागी खाण्याच्या सोड्याची चिमूट ओल्या फडक्यावर घेऊन हलकेच फिरवली आणि ताबडतोब पुसली. ही चिमूट कुठल्या बरणीतून घेतली ते मी तीनदा पाहिले. आणि हे सगळे करण्याआधी दाराच्या आतल्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, एकदा करून पाहायचे. रंग फडक्यावर उतरला तर हात आखडता घ्यायचा.

एकेक दार झाले की मी सासूबाईंना हाक मारी. त्या खुर्चीवरून उठून दारावरून बोटे फिरवीत. डोळे मिटूनच. “इथं ओशट आहे अजून.” मी वाकून पाहत असे, तर मला काही दिसत नसे, पुन्हा पुसले की फडक्यावर पिवळा डाग येई. असे अकरा दारांत निदान सात वेळा झाले. आमचे हे मधूनच येऊन म्हणाले, “आई, मग ट्रॉल्यांचं काय करायचं?” सासूबाई म्हणाल्या, “ते माहितीपत्रक आण. कपाटाच्या माथ्यावर घालायला जाड कागद लागणारच आहे.” आणि खरोखरच ते तिथे घातले. माथ्यावर कागद घालावा, दर दिवाळीला बदलावा, म्हणजे खरवडत बसावे लागत नाही; ही गोष्ट मी वाचकांना आवर्जून सांगते.

सोड्याने भाजलेले उजवे दार तेवढे राहिले. दिवाळीनंतर पॉलिशवाला आला, त्याने पॉलिशपेपरने घासून काळे पुष्कळसे काढले आणि लाखेचे हात दिले. तरी उजेड तिरपा पडला की त्यावर तीन ओघळ दिसतात. नवे दार करू या का, असे त्याने विचारले. आम्ही नको म्हटले.

सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन २०२५ च्या जानेवारीत झाले, डाव्याचे फेब्रुवारीत. जाताना त्या माझा हात इतका घट्ट धरून होत्या की नखे रुतली, येताना रिक्षात त्या विचारीत होत्या, “झालं? एवढंच?” आठ दिवसांनी त्यांनी माझी एक साडी पाहून “ही नवीन घेतलीस?” असे विचारले. ती चार वर्षांची होती. त्यांना ती इतके दिवस हिरवट वाटत होती. ती निळी आहे.

मार्चमध्ये एका शनिवारी मी पेपर तपासत बसले होते. स्वयंपाकघरातून हाक आली. सासूबाई ओट्याशी उभ्या, हातात साडीचा तुकडा, नजर वरच्या दारांवर.

“ही दिवाळीत तू पुसलीस ना?”

“हो. का हो?”

“वरच्या कोपऱ्यातला थर तसाच आहे. चारही दारांना. माझा हात तिथवर पोचत नव्हता म्हणून सुटलीस.” मी स्टूल आणायला निघाले तेवढ्यात त्यांनी बरणी उचलून माझ्यासमोर धरली. तिच्यावर मी त्या मंगळवारी रात्री, घाईघाईत, लाल शाईने बोटभर उंचीच्या अक्षरांत चिठ्ठी लिहून चिकटवली होती.

“आणि हे ‘धूण्याचा’ कुणी लिहिलंय?” त्या म्हणाल्या. “धु ऱ्हस्व ना गं? तुझ्या विद्यार्थ्यांनी पाहिलं म्हणजे?”